नक्षलवादाचे स्वरूप आणि प्रतिकार : गडचिरोलीचा अनुभव

(गडचिरोली जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या महसूल, वन, शिक्षण व आरोग्य खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या हाती नेमणुकीचे आदेश नुकतेच पडले आहेत. त्या आदेशावर गडचिरोली हे नाव वाचून आपणांपैकी अनेकांच्या घरी काळजीचे वातावरण पसरले असेल. ही काळजी निराधार होती, असे मी म्हणणार नाही. चार दशकांहून अधिक काळ या जिल्ह्याने रक्तपात पाहिला आहे. परंतु ज्या गोष्टीची भीती वाटते, ती गोष्ट आपण नीट जाणून घेतली पाहिजे, कारण अज्ञानातून उपजलेली भीती माणसाला निष्क्रिय तरी करते किंवा निष्ठुर तरी करते. शासनाच्या सेवकाला या दोन्ही अवस्था परवडणाऱ्या नाहीत. म्हणून नक्षलवादी संघटनेचे स्वरूप काय आहे, तिला येथे थारा कसा मिळाला आणि तिचा प्रतिकार कोणत्या मार्गांनी झाला, या तीन प्रश्नांचा विचार आज आपल्यासमोर मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. एखाद्या हिंसक चळवळीची कारणे शोधणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. वैद्य रोगाचे मूळ शोधतो ते रोग्याला बरे करण्यासाठी. त्याचप्रमाणे निरपराध माणसांच्या हत्येला कोणतेही कारण पुरेसे ठरत नाही, हे ध्यानी ठेवूनच आपण कारणांकडे वळू.

समस्येचे मूळ

मे १९६७ मध्ये पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील नक्षलबाडी या भागात भूमिहीन शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्या गावाचे नाव पुढे एका विचारसरणीला चिकटले. वर्गशत्रूंचा शारीरिक खातमा हेच क्रांतीचे साधन होय, ही चारू मुजुमदार यांची भूमिका होती. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि चळवळीची अनेक शकले झाली. त्यांपैकी आंध्र प्रदेशातील एका गटाने कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९८० मध्ये पीपल्स वॉर ग्रुपची स्थापना केली. तेलंगणात पोलिसांचा दबाव वाढला तर मागे सरकता यावे, या हेतूने या गटाने गोदावरी आणि प्राणहितेच्या पलीकडील दंडकारण्याची निवड केली. त्याच सुमारास त्याची पहिली सशस्त्र पथके नदी ओलांडून सिरोंचा, अहेरीच्या जंगलात आली. पुढे २१ सप्टेंबर २००४ रोजी हा गट आणि बिहार-झारखंडकडील माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर यांचे विलीनीकरण होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) अस्तित्वात आला. २००९ च्या जून महिन्यात केंद्र शासनाने या पक्षाचा समावेश दहशतवादी संघटनांच्या यादीत केला.

या पथकांना येथे अन्न आणि आश्रय कसा मिळाला? याचे उत्तर जंगलाच्या इतिहासात आहे. गडचिरोलीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथील गोंड आणि माडिया कुटुंबांचा निर्वाह मोह, तेंदू, बांबू आणि डोंगरउतारावरील तुटपुंज्या शेतीवर होत आला. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी हेच लोक आपल्या पूर्वजांच्या जंगलात परके ठरले. चुलीसाठी तोडलेले लाकूड गुन्हा ठरले आणि गुन्हा मिटविण्यासाठी कोंबडी, मोहाची दारू वा रोख रक्कम द्यावी लागू लागली. तेंदूपानांच्या पुड्यांचा दर ठेकेदार ठरवीत असे आणि बांबू कवडीमोलाने कागद गिरण्यांकडे जात असे. तक्रार करावी तर जिल्ह्याचे ठिकाण चंद्रपूर होते आणि भामरागडच्या माणसाला तेथवर पोहोचणे म्हणजे काही दिवसांचा प्रवास होता. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा निर्माण झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोपर्यंत दलमची पथके जंगलात पोहोचलेली होती. शासनाला उशीर झाला होता, ही गोष्ट मान्य केल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही.

दलमने प्रारंभी तेंदूपानांचा दर वाढवून मागितला, मजुरी वाढवून घेतली आणि लाच घेणाऱ्याला गावासमोर जाब विचारला. लोकांना ते आपले कैवारी वाटले, यात नवल नाही.

कैवारी की मालक?

परंतु येथेच आपण सावध विचार केला पाहिजे. गाऱ्हाणे खरे होते म्हणून ते मांडणाऱ्याचा हेतूही खरा होता, असे अनुमान निघत नाही. या संघटनेचे उद्दिष्ट तेंदूचा दर वाढविणे हे कधीच नव्हते. दीर्घकालीन लोकयुद्धाने राज्यसत्ता बळकावणे हे तिचे घोषित उद्दिष्ट होते, आणि आदिवासींचे गाऱ्हाणे हे तिच्या दृष्टीने त्या युद्धाचे इंधन होते. ज्या तेंदूपानासाठी ती भांडली, त्याच तेंदूपानाच्या ठेकेदारांकडून वसूल केलेली खंडणी पुढे तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनली. ठेकेदार गेला नाही. त्याच्या नफ्यात एक वाटेकरी मात्र वाढला.

गाऱ्हाणे मांडण्याचे दुसरे मार्ग नव्हते काय? होते. इचमपल्ली आणि भोपालपट्टनम या प्रस्तावित धरणांखाली येथील विस्तीर्ण जंगल आणि अनेक गावे बुडणार होती. त्यांविरुद्ध १९८४ मध्ये जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्याम शहा यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो आदिवासी शांततेने चालले. ती धरणे उभी राहिली नाहीत. या विजयासाठी कोणालाही प्राण गमवावा लागला नाही, हे आपण स्मरणात ठेवावे.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला होता, हे आपल्या उद्देशिकेतच मान्य केले. जी संघटना जल, जंगल, जमीन यांच्या हक्कासाठी लढत असल्याचे सांगत होती, तिने हा बदल आपला विजय मानून शस्त्रे खाली ठेवावयास हवी होती. घडले ते उलट. एकट्या २००९ या वर्षी फेब्रुवारीत मर्केगाव येथे १५, मे महिन्यात हत्तीगोटा येथे ५ महिलांसह १६ आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. ज्या सशस्त्र संघटनेचे अस्तित्व गाऱ्हाण्यावर पोसलेले असते, तिला गाऱ्हाण्याचे निवारण हाच सर्वांत मोठा धोका वाटतो. रस्ता सुरुंगाने उडविणे, बांधकामावरील वाहने जाळणे, मतदानावर बहिष्कार घालणे, या सर्व कृतींमागचे सूत्र हेच आहे.

दहशतीची रीत

या संघटनेची रचना वरवर दिसते त्याहून गुंतागुंतीची होती. मध्यवर्ती समिती, तिच्याखाली दंडकारण्याची विशेष विभागीय समिती, डिसेंबर २००० मध्ये स्थापन झालेली जनमुक्ती छापामार सेना, स्थानिक दलम आणि सर्वांत खाली गावातील संगम व जनमिलिशिया. वरच्या पायऱ्यांवर प्रामुख्याने तेलुगू भाषक नेते होते. बंदूक घेऊन चालणारे आणि मरणारे बहुसंख्य तरुण मात्र माडिया आणि गोंड होते. त्यांतील कित्येकांनी वयाची अठरा वर्षेही पूर्ण केलेली नसत.

गाव मुठीत ठेवण्यासाठी गावातील सर्वांना मारावे लागत नाही. ‘खबऱ्या’ असा आरोप ठेवून एका माणसाला मध्यरात्री घराबाहेर काढले जाते. सकाळी रस्त्यावर त्याचा मृतदेह आणि त्यावर एक चिठ्ठी सापडते. चिठ्ठी मृतासाठी नसते, ती वाचणाऱ्या जिवंतांसाठी असते. तो माणूस खरोखर खबऱ्या होता की नाही, याला दहशतीच्या हिशेबात महत्त्व नाही. किंबहुना तो नसला तर भीती अधिकच वाढते, कारण मग कोणीही सुरक्षित राहत नाही. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, ग्रामसभा भरेनाशी होते, पोलीस पाटील गाव सोडतो. गावाचे समाजजीवन असे मोडले की तेथे उरलेली एकमेव संघटित शक्ती म्हणजे दलम.

आता त्या गावकऱ्याच्या जागी आपण उभे राहून पाहा. रात्री बंदूकधारी दारात येतात आणि भात मागतात. नकार देण्याची सोय नसते. दुसऱ्या दिवशी गस्तीचे पथक येते आणि रात्री कोणाला जेवू घातले, असे विचारते. खरे सांगावे तर दलमचा धोका, न सांगावे तर पोलिसांचा संशय. अशा कोंडीत माणूस मौन धरतो. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने त्या मौनाचा अर्थ ‘हे सारे गाव नक्षल समर्थक आहे’ असा लावला, तर त्याने आपल्या हाताने ते गाव संघटनेच्या स्वाधीन केले असे समजावे.

सुरक्षेची बाजू

प्रतिकाराचे पहिले अंग अर्थातच सुरक्षा हे होय. जेथे जीविताची शाश्वती नाही तेथे शाळा आणि दवाखाना चालत नाही. १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातील ६० जवानांचे एक विशेष पथक तयार झाले. तेच आज सी-साठ या नावाने ओळखले जाते. त्याचे बळ केवळ शस्त्रांत नव्हते. हे जवान येथलेच होते. त्यांना गोंडी-माडिया बोलता येत होती, पायवाटा ठाऊक होत्या आणि गावात त्यांचे सोयरे होते. बाहेरच्या पथकाला जे जंगल शत्रूसारखे वाटे, ते त्यांना घरासारखे होते.

याच्या शेजारी छत्तीसगडमधील अनुभव ठेवून पाहावा. तेथे २००५ पासून सलवा जुडूम या नावाने गावकऱ्यांनाच नक्षलवाद्यांविरुद्ध उभे करण्यात आले आणि अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देण्यात आली. गावे ओस पडली, माणसे छावण्यांत आली, भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. स्थानिक तरुणाला रीतसर पोलीस दलात भरती करून, प्रशिक्षण, वेतन आणि कायद्याची शिस्त देऊन उभे करणे निराळे, आणि त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला वाऱ्यावर सोडणे निराळे. हा भेद लहान नाही.

चकमकीतील संख्येवर विसंबूनही चालत नाही. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूरच्या परिसरातील चकमकींत सुमारे ४० नक्षलवादी मारले गेले. आता चळवळ संपली, असे अनेकांना वाटले. परंतु १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली आणि घटनास्थळाकडे निघालेल्या १५ जवानांचा व त्यांच्या वाहनचालकाचा जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात अंत झाला. संघटना जखमी होते तेव्हा ती अधिक सावध आणि अधिक क्रूर होऊ शकते, हा त्या दिवसाचा धडा होता.

पेरूचा दाखला

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. ज्या वर्षी पीपल्स वॉर ग्रुप स्थापन झाला, त्याच १९८० च्या मे महिन्यात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात चुस्ची नावाच्या डोंगराळ गावी मतपेट्या जाळून एका माओवादी संघटनेने युद्ध पुकारले. तिचे नाव सेंदेरो लुमिनोसो, म्हणजे प्रकाशमान मार्ग. तिचा नेता अबिमाएल गुझमान हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. एप्रिल १९८३ मध्ये लुकानामार्का येथे या संघटनेने ६९ गावकऱ्यांची कत्तल केली, त्यांत बालकेही होती. ज्या शेतकऱ्यांच्या नावाने युद्ध, त्याच शेतकऱ्यांचे ते बळी होते. सैन्यानेही डोंगरातील गावांवर अत्याचार केले, आणि त्यामुळे सेंदेरोला नवे तरुण मिळत राहिले.

या युद्धाला कलाटणी दिली ती एका लहानशा पोलीस तपास पथकाने. या पथकाने अनेक महिने धीराने पाळत ठेवली, संशयित घरांतून बाहेर पडणारा केरकचराही तपासला आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी राजधानी लीमा शहरातील एका घरात, जेथे तळमजल्यावर नृत्याचे वर्ग चालत, गुझमानला रक्ताचा थेंबही न सांडता पकडले. नेत्याभोवती गुंफलेली संघटना त्यानंतर वेगाने ढासळली. पुढे २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने हिशेब मांडला. सुमारे ६९,००० माणसे या संघर्षात मृत वा बेपत्ता झाली होती. निम्म्याहून अधिक बळींची जबाबदारी सेंदेरोवर होती आणि एक तृतीयांशाहून अधिक बळींची शासकीय यंत्रणांवर. बळींपैकी चारात तिघांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य आदिवासी भाषा होती. राजधानीला कित्येक वर्षे या मृत्यूंचा आकडाही नीट ठाऊक नव्हता. डोंगरातला माणूस मरतो तेव्हा शहराला त्याची जाणीव होत नाही, ही गोष्ट पेरूइतकीच आपल्यालाही अंतर्मुख करणारी आहे.

हक्क आणि विकास

प्रतिकाराचे दुसरे अंग हक्कांच्या अंमलबजावणीचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आपण अवश्य पाहावे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या सहवासात या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची परंपरा रुजविली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावे लागले. त्यानंतर आपला बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलावही स्वतः करावयास प्रारंभ केला. जेथे ग्रामसभाच मालक होते आणि हिशेब सर्वांसमक्ष वाचला जातो, तेथे दलमने कोणाचा कैवार घ्यावयाचा?

शासनाची मदत आणि शासनाने मान्य केलेला हक्क यांत मोठे अंतर आहे. मदत घेणारा हात खाली असतो, हक्क घेणारा ताठ उभा असतो. आपल्या टेबलावर येणारा वनहक्काचा दावा हा कागदाचा तुकडा नसून एका कुटुंबाचा शासनावरील उरलासुरला विश्वास आहे, असे समजून तो हाताळावा. दावा नामंजूर करावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावे.

सेवेचे मोल किती मोठे असते, हे १९७३ पासून हेमलकसा येथे चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने आणि १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या आरोग्यकार्याने दाखवून दिले आहे. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या मार्गाचे लोकार्पण होऊन त्या दुर्गम भागात स्वातंत्र्यानंतर प्रथमच एस. टी. बस धावली. शहरातील माणसाला ही बातमी किरकोळ वाटेल. ज्या गावातून प्रसूतीच्या वेळी स्त्रीला खाटेवर घालून न्यावे लागते, त्या गावाला ती तशी वाटत नाही. तथापि रस्त्यावरून कोण येते, याला रस्त्याइतकेच महत्त्व आहे. त्यावरून शिक्षक, परिचारिका आणि तलाठी आधी आले तर रस्ता गावाचा होतो. केवळ खनिजाचे ट्रक आणि गस्तीच्या गाड्या आल्या, तर गावकरी त्याकडे संशयानेच पाहतील.

परतीची वाट

तिसरे अंग परत येणाऱ्यांचे. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना सुरू केली. तिचे महत्त्व २०२५ मध्ये विशेषत्वाने दिसून आले. त्या वर्षीच्या पहिल्याच दिवशी ताराक्का या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नेत्या विमला सिडाम यांनी शस्त्र खाली ठेवले. मे महिन्यात संघटनेचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमध्ये मारला गेला. ऑक्टोबरमध्ये ताराक्कांचे पती, मध्यवर्ती समितीचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी आपल्या ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे आत्मसमर्पण केले. चार दशकांपूर्वी नदी ओलांडून आलेल्या पिढीच्या प्रमुख नेत्यांपैकी एकाने त्याच जिल्ह्यात शस्त्रे ठेवावीत, यात इतिहासाचे एक वर्तुळ पुरे झाले.

परंतु समारंभ संपल्यावर खरे काम सुरू होते. शरण आलेल्या तरुणाला शिधापत्रिका हवी, जातीचा दाखला हवा, बँकेत खाते हवे, हाताला काम हवे. ज्या गावातील कोणाचा बाप वा भाऊ संघटनेने मारला आहे, त्या गावात परतणे त्याला सोपे नाही, आणि त्या दुःखी कुटुंबाला त्याचे परतणे पाहणेही सोपे नाही. म्हणून शरण आलेल्याच्या पुनर्वसनाची फाइल जितक्या तत्परतेने हलते, तितक्याच तत्परतेने बळी पडलेल्या कुटुंबाच्या मदतीची फाइलही हलली पाहिजे. अन्यथा बंदूक उचलणाऱ्याला लाभ आणि न उचलणाऱ्याला उपेक्षा, असा समज पसरेल, आणि तो समज अत्यंत घातक ठरेल.

आपले कर्तव्य

शेवटी आपणांस काही गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. पहिली, नेमणुकीच्या गावी हजर राहा. रिकामी शाळा आणि कुलूप लावलेला दवाखाना यांच्याइतका प्रभावी प्रचार कोणत्याही पत्रकाने केला नसेल. दुसरी, येथली भाषा शिका. गोंडी वा माडियात चार वाक्ये बोलणारा कर्मचारी दुभाष्याच्या मध्यस्थीतून होणारी अर्धी लूट थांबवितो. तिसरी, शिक्षकाने शिक्षकच राहावे आणि परिचारिकेने परिचारिकाच. मुलांकडून वा रुग्णांकडून बातम्या काढण्याचे काम आपले नव्हे. त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. आपल्यावर हेरगिरीचा संशय आला तर आपलाही जीव धोक्यात येतो आणि आपल्याकडे येणाऱ्या रोग्याचाही. चौथी, कोणाकडूनही एक कोंबडीसुद्धा घेऊ नका. या जिल्ह्याच्या इतिहासात कोंबडीची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे.

बंदुकीचा आवाज विरला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याचा मोह या काळात होईल. शांतता झाली म्हणून अधिकारी बदल्या मागतील, निधी अन्यत्र वळेल, ग्रामसभांचे दावे कपाटात पडून राहतील. असे झाले तर १९८० पूर्वीची स्थिती पुन्हा निर्माण होईल, आणि त्या स्थितीचा लाभ घ्यावयास कोणी ना कोणी पुन्हा येईल. ते घडू न देण्याचे काम पोलिसांचे नाही, ते आपले आहे. भामरागड, एटापल्ली आणि कोरचीच्या गावांत आपण जे काम कराल, त्यावरून तेथील माणूस शासन म्हणजे काय, हे ठरविणार आहे.